"त्यांनी तवा असं म्हणलं म्हणून" : घरातली आणि गावातली ती वाक्यं लिहून कशी ठेवायची

मराठवाड्यात कुठल्याही घराच्या ओसरीवर तासभर बसा. चहा येतो, पाऊसपाण्याचं होतं, सोयाबीनच्या भावाचं होतं आणि मग कुणीतरी सहज बोलून जातं, "सरांनी तवा तसं म्हणलं नसतं तर मी आज बी ऊसतोडीच्या टोळीतच असतो." किंवा एखादी मावशी म्हणते, "सासऱ्यानं एकच शब्द टाकला आन् माझं सगळंच फिरलं." आपण मान हलवतो, चहा पितो, उठतो. ते वाक्य नेमकं काय होतं हे विचारायचं राहूनच जातं. ही वाक्यं कुठंच लिहिलेली नसतात, सातबाऱ्यावर नाही, शाळेच्या रजिस्टरात नाही, आणि ज्याला आठवतंय ते माणूस गेलं की घरातल्या लेकरांना आपण इथपर्यंत कशामुळं आलो हेच कळत नाही. 1948 ला पोलीस ॲक्शन झाली, म्हणजे निजामाचं राज्य जाऊन मराठवाडा भारतात आला, तेव्हा जे लेकरू दहा वर्षांचं होतं ते आता नव्वदीकडं गेलंय, त्यामुळं हे काम पुढच्या दिवाळीवर टाकण्यासारखं नाही. नातवंडांनी, शाळेतल्या सरांनी, कॉलेजच्या पोरापोरींनी, ज्याला कुणाला वाटतंय त्यानं करावं. एक वही आणि हातातला मोबाइल एवढंच लागतं.

सुरू करायच्या आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, माझं सगळं म्हणणं त्याच्यावरच उभं आहे. वाक्य एकटं काहीच करत नाही. "शीक", "मोठा हो", "हिंमत सोडू नको" हे आपल्याला शंभर जण म्हणतात, त्यानं कुणाचं आयुष्य बदलत नाही. बदलतं ते वाक्य कुणीतरी ठरावीक माणसानं, ठरावीक दिवशी, बऱ्याचदा हातात काहीतरी देऊन म्हणलेलं असतं, फीचे पैसे, एसटीचं भाडं, जुनी पुस्तकं, कुणाचा तरी पत्ता. म्हणून नुसतं सुविचारासारखं वाक्य लिहून आणलं तर हातात काहीच येत नाही. चार गोष्टी आणायच्या: शब्द जसेच्या तसे, म्हणणारा कोण, जागा आणि वेळ, आणि वाक्य ऐकल्यावर या माणसानं दुसऱ्या दिवशी काय केलं. चौथी सगळ्यात महत्त्वाची आणि तीच सगळे विसरतात.

आपल्या भागातल्याच जुन्या गोष्टी बघा. संत नामदेवांची गोष्ट सगळ्यांना माहिती आहे. तेरला गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली, मुक्ताईच्या सांगण्यावरून गोरोबांनी मडकी तपासायचं थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारलं, नामदेव चिडले आणि गोरोबा म्हणाले हे मडकं कच्चं आहे. मग नामदेव औंढ्याला गेले, तिथं विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पडलेले, पाय बाजूला घ्या म्हणल्यावर ते म्हणाले जिथं देव नाही तिथं ठेव माझे पाय. परंपरेत असं सांगतात. ही गोष्ट सातशे वर्षं का टिकली तर नुसतं "तू कच्चा आहेस" एवढंच टिकलेलं नाही, तेर टिकलंय, थापटणं टिकलंय, नामदेवांचा राग टिकलाय आणि तेरहून औंढ्यापर्यंत जाणं टिकलंय. जांबच्या नारायणाचंही तेच, लग्नात "सावधान" ऐकलं आणि बोहल्यावरून निघून गेला, पुढं समर्थ रामदास झाला असं सांगतात. सावधान तर प्रत्येक लग्नात म्हणतात. तो उठून गेला म्हणून त्या शब्दाची गोष्ट झाली. गावातल्या साध्या माणसाचं वाक्य पण असंच आणायचंय, जागेसकट आणि चालण्यासकट.

कुणाकडं जायचं

स्टेजवर बोलणाऱ्यांकडं पहिल्यांदा जाऊ नका. निवृत्त अधिकारी, पुढारी, सत्कार झालेली माणसं, यांच्याकडं उत्तर तयार असतं, तेच त्यांनी दहा कार्यक्रमांत सांगितलेलं असतं आणि सांगून सांगून ते गुळगुळीत झालेलं असतं. त्यांच्याकडं नंतर जा. आधी ज्यांना कुणी कधी विचारलंच नाही अशांकडं जा. लग्न होऊन बारावी केलेली बाई. ऊसतोडीसाठी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेणं बंद करून गावातच पिठाची गिरणी टाकलेला माणूस. दारू सोडलेला. आशाताई, एसटीचे रिटायर कंडक्टर, कोतवाल, दवाखान्यातली सिस्टर, तांड्यावरचा पहिला ग्रॅज्युएट. मिलिंदला शिकलेली जुनी माणसं आहेत, 1950 ला बाबासाहेबांनी औरंगाबादला ते कॉलेज सुरू केलं आणि खेड्याखेड्यातून पोरं तिथं गेली. त्यांना "बाबासाहेबांनी काय सांगितलं" हे विचारूच नका, ते तर त्यांना पाठच आहे. "तुमच्या घरी येऊन कोण म्हणलं की पोराला तिकडं पाठवा" हे विचारा. तो निरोप घेऊन आलेला माणूस कुठंच लिहिलेला नसतो.

बायकांशी बोलायचं असेल तर घरात सगळे बसलेले असताना विचारून उपयोग नाही. सासू, दीर, मालक समोर असले की "काय न्हाई बाबा, सगळ्यायनं चांगलंच म्हणलं" एवढंच ऐकायला मिळतं. शेतात, बचतगटाच्या मीटिंगनंतर, भाकरी थापताना शेजारी बसून विचारा. विचारणारा माणूस पुरुष असेल तर घरातल्या एखाद्या पोरीला, वहिनीला विचारायला लावा, तिलाच मोबाइल द्या, काम दहापट चांगलं होतं.

कधी जायचं

पेरणीत आणि सोयाबीन काढणीत कुणाच्याही दारात जाऊ नका, माणूस तोंडदेखलं बोलतो आणि डोळे आभाळाकडं असतात. बीड, जालना, परभणीकडची ऊसतोडीची माणसं दसरा-दिवाळीला कोयता घेऊन निघतात ते पाडव्याच्या आसपास परत येतात, म्हणजे त्यांच्याकडं उन्हाळ्यात जायचं. उन्हाळ्यात दुपारी माळवदाखाली गार असतं आणि माणसं बसलेली असतात, ती वेळ चांगली. मुस्लिम घरात रमजान असेल तर रोजा सुटल्यावर, जेवणं झाल्यावर जा. लातूर-धाराशिवकडं तर येळवस म्हणजे वेळा अमावस्या यासारखा दिवस नाही, अख्खं गाव शेतात, भज्जी, उंडे, आंबील पिऊन माणसं झाडाखाली पसरलेली, गावाबाहेर राहणारी सगळी पोरंबाळं पण आलेली. त्या दिवशी तीन पिढ्या एका जागी सापडतात आणि आजोबा बोलायला लागले की काका मधेच म्हणतात "तसं न्हवतं ते आबा, असं होतं" आणि त्यातूनच खरं बाहेर येतं.

कसं विचारायचं

यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा.

"तुमचं आयुष्य बदलणारं वाक्य कोणतं?" असा प्रश्न कधीच विचारू नका. त्यावर माणूस परीक्षेला बसल्यासारखा होतो आणि म्हण सांगतो नाहीतर अभंगाची ओळ सांगतो. वाक्यापर्यंत वाकड्या वाटेनं जायचं असतं. आधी वळणाची जागा शोधा. शाळा कधी सुटली? पुन्हा कशी सुरू झाली? गाव पहिल्यांदा कधी सोडलं? दारू सुटली तो महिना कोणता? नोकरीचा फॉर्म कुणी आणून दिला? विहीर खोदायची ठरली तेव्हा घरात कोण काय म्हणलं? वळण सापडलं की मग तिथंच थांबायचं, पुढं पळायचं नाही, आणि आजूबाजूचं विचारायचं. तुम्ही कुठं बसले होतात, घरात अजून कोण होतं, दिवस होता का रात्र, लाइट होती का कंदील. जागा डोळ्यासमोर आली की शब्द येतात, मी कितीतरी वेळा बघितलंय हे, माणूस अंगणाकडं बघत बघत एकदम त्या बोलणाऱ्याच्या आवाजातच बोलायला लागतो. तेच वाक्य आपल्याला पाहिजे असतं.

मग हा प्रश्न: "शब्द काय होते? आठवत असतील तसेच सांगा, चुकले तरी चालतंय." आणि गप्प बसा. हे अवघड आहे, आपल्याला मधे बोलायची सवय असते, "म्हणजे त्यांनी तुम्हाला धीर दिला म्हणा की" असं आपण बोलून टाकतो आणि समोरचा "हो हो, धीर दिला" म्हणतो आणि ते खरं वाक्य गेलं. आपले शब्द त्यांच्या तोंडात घालायचे नाहीत. माणूस गप्प झाला तर होऊ द्या, आठवायला वेळ लागतो.

एक उदाहरण सांगतो म्हणजे फरक कळंल. बीडकडच्या एक ताई, आईबापासंगट लहानपणी कारखान्याला जायच्या, आठवीत शाळा सुटली, लग्न झालं, आज त्या स्वतः नर्स आहेत. पहिल्यांदा विचारलं तर म्हणाल्या, "अंगणवाडीच्या ताई म्हणल्या शीक, म्हणून शिकले." संपलं. यात काय आहे, शीक तर त्यांना सगळेच म्हणत असतील. मग अंगणवाडीचं विचारलं, खोली कशी होती, त्या कशाला गेल्या होत्या. तर लेकराला डोस पाजायला गेल्या होत्या, आणि ताई तक्त्यावर वजन लिहित होत्या आणि मान वर न करताच म्हणाल्या, "सतरा नंबरचा फॉर्म भर. मपल्या पोरीची पुस्तकं हायेत. फाटली हायेत पण हायेत." बघा. पहिल्या उत्तरात उपदेश होता. दुसऱ्यात फॉर्मचं नाव आहे, पुस्तकं आहेत, ती फाटकी आहेत हे लपवलेलं नाही, आणि मान वर न करता म्हणलंय म्हणजे उपकाराचा आव नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सतरा नंबर म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावी-बारावीला बसायचा फॉर्म, आपल्याकडच्या कितीतरी बायकांचं शिक्षण त्या एका फॉर्मवर झालंय.

आणि मग चौथा प्रश्न, दुसऱ्या दिवशी काय केलं. त्या म्हणाल्या, दुसऱ्या दिवशी काहीच केलं नाही, आठ दिवस सासूला सांगायची हिंमत झाली नाही, आठव्या दिवशी ताईच घरी पुस्तकं घेऊन आल्या आणि सासूच्या समोर ठेवून गेल्या, एक शब्द न बोलता. आता तुम्हीच बघा, हे विचारलं नसतं तर ती ताई फक्त "शीक म्हणणारी" राहिली असती. खरं काम तिनं बिन बोलता केलं होतं. वाक्य लिहायचं म्हणजे हे पण लिहायचं.

असंच एक पंक्चरच्या दुकानातलं आहे, दुकानाचे मालक पोऱ्याला म्हणाले, "हिसाब इतना अच्छा आता तेरेकू, पंक्चर कायकू निकालरा रे?" आणि दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून त्याला आयटीआयचा फॉर्म आणायला घेऊन गेले. एक दिवसाचं दुकान बंद, हे त्या वाक्याइतकंच मोठं आहे. हे वाक्य दखनीत आहे तर दखनीतच लिहायचं, "तू हिशोबात हुशार आहेस" असं मराठी करून ठेवू नका. तांड्यावर गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, बोललेलं असेल तर गोरमाटीतच लिहा, खाली अर्थ लिहा, आणि लिहिलेलं तिथल्याच एखाद्या शिकलेल्या पोराकडून तपासून घ्या.

साल कसं काढायचं

म्हाताऱ्या माणसांना साल विचारलं की ती गोंधळतात आणि मग अंदाजे काहीतरी ठोकून देतात. साल विचारू नका, घटना विचारा. रझाकाराच्या आधी का नंतर? निजामाच्या शाळेत उर्दू होतं तेव्हा का मराठी सुरू झाल्यावर? बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जात होता का, सुकडी आठवती का? जायकवाडीचं पाणी आलं होतं का? इंदिरा गांधी गेल्या तेव्हा लग्न झालं होतं का, म्हणजे 1984? मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराची गडबड चालू होती का, विधिमंडळाचा ठराव 1978 चा आणि नामविस्तार 14 जानेवारी 1994 चा, त्या मधल्या वर्षांत काय काय झालं हे इथल्या माणसाला सालासकट आठवतं. किल्लारीच्या भूकंपाच्या आधी का नंतर, 30 सप्टेंबर 1993. लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेव्हा, 2016. घरातले टप्पे पण वापरा, थोरल्याचा जन्म, विहिरीला पाणी लागलं ते वर्ष, बैलजोडी विकली ते वर्ष. अशा दोन घटनांच्या मधे वाक्य अडकवलं की साल दोन-तीन वर्षांच्या आत येतंच, तेवढं पुरं आहे. वहीत पण तसंच लिहा, "भूकंपानंतर, धाकट्याच्या जन्माआधी", खोटा नेमकेपणा नको.

दुखऱ्या वाक्यांचं काय

सगळी वाक्यं चांगली नसतात. काही माणसांचं आयुष्य एका टोमण्यानं फिरलेलं असतं. जातीवरून बोललेलं, रंगावरून बोललेलं, मूल होत नाही म्हणून बोललेलं, "तुझ्या बापानं कधी पेन धरलाय का" असलं. आणि ती माणसं स्वतःच म्हणतात की तो टोमणा बसला म्हणूनच मी जिद्दीनं शिकलो. हे लिहा, त्यांचं आहे, पण तिथंच थांबू नका, कारण त्यानं टोमणा मारणाऱ्याला श्रेय जातं आणि हे मला मनापासून चूक वाटतं. अजून एक प्रश्न विचारा, "ते ऐकून तुम्ही घरी आलात तेव्हा घरात कोण होतं?" जवळपास नेहमी तिथं कुणीतरी सापडतं. आई काही न बोलता ताट वाढते, भाऊ म्हणतो उद्यापासून मी तुझ्यासोबत शाळेपर्यंत येतो, शेजारची आक्का म्हणते त्याच्या बोलण्याला काय अर्थ हाय का. टोमण्यानंतर माणूस मोडला का नाही ते बऱ्याचदा या दुसऱ्या वाक्यावर ठरलेलं असतं. दोन्ही वाक्यं एका पानावर लिहा, शेजारी शेजारी.

काही दारात विचारूच नये. ज्या घरातल्या शेतकऱ्यानं आत्महत्या केलीय तिथं "शेवटचं काय बोलले" हे कुणीही, कधीही विचारू नका, पत्रकारांनी ते पुरेसं विचारून झालंय. त्या घरातल्या बाईशी बोलायचं असेल तर नंतरचं विचारा, तुम्ही शेत स्वतः करायचं ठरवलं तेव्हा कोण सोबत उभं राहिलं, आणि तेही तिनं विषय काढला तरच. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूच्या गावांत भूकंपातून राहिलेल्या माणसांचं पण तसंच, आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं आणि पहाटे चारच्या सुमाराला घरं कोसळली, त्या रात्रीचं शेवटचं बोलणं त्यांच्याजवळ असतं, ते त्यांना सांगावं वाटलं तरच ऐकायचं. कुणी रडायला लागलं तर मोबाइल बंद करा, खरंच बंद करा, नुसता उलटा ठेवू नका, पाणी द्या आणि दुसरं काही बोला. रेकॉर्डिंग पुन्हा कधीतरी होईल, आणि नाही झालं तरी चालतंय.

मोबाइलचं

यात फार अक्कल लागत नाही पण चार गोष्टी पाळल्या नाहीत तर सगळी मेहनत वाया जाते. सुरू करायच्या आधी विचारा, "मावशी, आवाज भरून घेऊ का?", आणि हो म्हणल्यावरच बटण दाबा. परवानगीचं ते "हो" पण रेकॉर्डिंगमधे येऊ द्या. चोरून रेकॉर्ड करणं वाईट, मग ते कितीही चांगल्या कामासाठी असो. मोबाइल एरोप्लेन मोडवर टाका नाहीतर ऐन वाक्यात कॉल येतो. पंखा बंद करा किंवा लांबचा चालू ठेवा, कूलर तर नक्की बंद. मोबाइल फरशीवर किंवा पत्र्याच्या टेबलावर ठेवू नका, घडी केलेल्या रुमालावर ठेवा, माणसाच्या तोंडापासून हातभर अंतरावर, आणि तळाची बाजू त्यांच्याकडं कारण माइक तिथं असतो. एमफोरए फॉरमॅटला 128 केबीपीएसवर एका तासाची फाइल साधारण 60 एमबीची होते, वेव्हमधे तीनशेच्या वर जाते, बोलण्यासाठी एमफोरए पुरते. त्याच दिवशी फाइलला नाव द्या, तारीख, गाव आणि नातं, "रेकॉर्डिंग 47" या नावानं महिनाभरानंतर काहीच सापडत नाही. दुसऱ्याला पाठवायची असेल तर व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि एक कॉपी ड्राइव्हवर, एक पेनड्राइव्हवर, मोबाइल बोअरवेलच्या हौदात पडतो, लेकरू पाडतं, चोरी होतो.

लिहिताना

घरी आल्यावर त्याच रात्री वाक्य वहीत उतरवा, सगळं रेकॉर्डिंग नंतर लिहिलं तरी चालेल पण ते एक वाक्य आजच. व्हॉइस टायपिंग वापरत असाल तर नीट तपासा, ते "मपल्या"चं "माझ्या" करतं किंवा भलतंच काहीतरी करतं, "करायलास"चं "करायला" करतं, त्याला आपली बोली कळत नाही. वाक्य हातानंच लिहिलेलं बरं. शुद्ध करू नका. "तुम्ही शिक्षण घ्यावे असे त्यांनी सुचवले" असं लिहिलेलं पान मला वाचवत नाही, कारण अंगणवाडीच्या ताई असं बोललेल्याच नाहीत. शिवी असली तरी राहू द्या, प्रेमाची शिवी असते आपल्याकडं. आणि शेवटी आपल्याकडून सुंदर ओळी जोडायच्या नाहीत, "आणि त्या एका वाक्यानं त्यांचं जीवन उजळून निघालं" वगैरे. काय झालं ते लिहा, फॉर्म भरला, पहिल्यांदा गणितात गेला, दुसऱ्यांदा निघाला.

एकाच प्रसंगाची दोन माणसं दोन वाक्यं सांगतील. आत्या म्हणेल वडील म्हणाले, काका म्हणेल नाही नाही, वडील गप्प होते, आजीच बोलली. भांडण सोडवायला जाऊ नका, दोन्ही लिहा, कोण काय म्हणतंय त्यांच्या नावासमोर. ऐकीव वाक्य असेल, म्हणजे पणजोबांना कुणीतरी म्हणलं होतं असं आजोबा सांगतात, तर ते पण घ्या पण वर लिहा "ऐकीव, आजोबांकडून". नाहीतर वीस वर्षांनी कुणालाच कळणार नाही की हे समोर बसून ऐकलेलं आहे का तिसऱ्या तोंडातून आलेलं.

लिहून झालं की ज्यांचं आहे त्यांना वाचून दाखवा, हे टाळू नका. त्यांना लिहायला वाचायला येत नसेल तर जास्तच गरज आहे. वाचताना ती माणसं हमखास एक-दोन शब्द दुरुस्त करतात आणि तो दुरुस्त केलेला शब्दच बरोबर असतो. "हे कुणाला दाखवू?" हे पण तेव्हाच विचारा. फक्त घरात ठेव म्हणले तर घरातच, फॅमिली ग्रुपवर सुद्धा टाकायचं नाही, कारण ग्रुपवरून ते कुठं जाईल याचा भरवसा नाही आणि सुनेनं सासूबद्दल सांगितलेलं सासरी पोचलं तर त्या बाईला त्रास होतो, तुम्हाला नाही. चालतंय म्हणले तर एक प्रत गावच्या शाळेत द्या, सर चांगले असतील तर ते वर्गात वाचतात.

ज्यानं म्हणलं त्याला सांगणं

हे सगळ्यात शेवटी पण नक्की करा. बोलणारा माणूस जिवंत असेल तर जाऊन त्याला सांगा. बहुतेक वेळा त्याला माहीतच नसतं. रिटायर झालेले गुरुजी लातूरला नाहीतर संभाजीनगरला पोराच्या फ्लॅटमधे राहत असतात, कुणी भेटायला येत नाही, गॅलरीत बसून असतात. ज्याचं आयुष्य बदललं त्यालाच सोबत न्या, तो लांब असेल तर त्याचा आवाज घेऊन जा. शाल-नारळ नको, फोटोग्राफर तर नकोच, सत्काराच्या गडबडीत बोलणं होत नाही. तुम्ही अमुक दिवशी असं म्हणला होता आणि मग असं झालं, एवढं सांगा. पुष्कळदा ते म्हणतात, "मी असं म्हणलो व्हय? मला तर काय आठवत न्हाई." तुम्ही आठवण करून देत बसू नका, "न्हाई सर, म्हणला होता तुम्ही" असं पटवायला जाऊ नका, त्यांना आठवत नाही हे पण वहीत लिहा. ज्यानं म्हणलं त्याच्यासाठी तो साधा दिवस होता, हे समजणं वाचणाऱ्याला लागतं. कधी ते उलट वेगळंच सांगतात, की त्या दिवशी मी चिडून बोललो होतो, किंवा फी मी नव्हती भरली, शाळेतल्या शिपायानं भरली होती आणि नाव घेऊ नको म्हणाला होता. मग त्या शिपायाचं घर शोधायचं, तो नसेल तर त्याच्या पोरांना सांगायचं, त्यांना आपल्या बापाचं हे माहीत नसतं.

आणि उठायच्या आधी गुरुजींची परवानगी घेऊन रेकॉर्डिंग पुन्हा चालू करा आणि त्यांनाच विचारा, "सर, तुम्ही शिकलात ते कुणाच्या सांगण्यावरून? घरी कोण आलं होतं?" ते सांगायला लागतील, हिप्परग्याची शाळा निघेल, अंबाजोगाई निघेल, एखादा मामा निघेल ज्यानं सायकल दिली. त्यासाठी वहीत नवीन पान घ्या, वर तारीख टाका, आणि शब्द जसेच्या तसे.